उजव्या मागच्या चाकाची घरघर

सातारा, कोजागरीचा दुसरा दिवस

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट असून तुम्ही दिलेली गाडीही आता धडधाकट आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही बसून शांतपणे वाचाल. तुमचे गुडघे काय म्हणतात? पहाटेची फेरी चालू असेलच. (बंद असती, तर सांगलीच्या विश्रामबागेतली कुत्री सुस्तावल्याची बातमी साताऱ्यापर्यंत आली असती.) फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही "सगळं ठीक? शाब्बास!" म्हणता आणि ठेवून देता. उभा जन्म तोफखान्यात काढलेला माणूस गोळा सोडतो; तो कुठे पडला ते बघायला दुसरा कुणीतरी असतो, हे मी जाणून आहे.

गाडी देताना तुम्ही बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतात, "पाव्हणं, इतक्या वर्षांत हिचा एक आवाज ऐकला न्हाई मी." त्या वाक्यावर माझा तेव्हाही विश्वास होता. आता तर जास्तच आहे.

नवरात्रासाठी आक्काला माहेरी न्यायला मी तीच गाडी घेऊन सांगलीला आलो होतो, तिथून सुरुवात. आक्का नेहमीसारखी मागे, उजव्या खिडकीशी बसली. (पुढे बसलं की प्रत्येक ट्रक आपल्यालाच भेटायला येतोय असं तिला वाटतं.) सांगली सुटते न सुटते तोच म्हणाली, "आरं, माझ्या बुडाखाली कायतरी घरघरतंय. जातं फिरवल्यागत." आता सांगली ते पेठ नाका या टापूत बुडाखाली काही घरघरलं नाही, तर माणसानं उतरून गाडी चालू आहे ना ते बघावं. मी म्हटलं, रस्ता आहे. पेठ नाक्याला हायवे लागला, रस्ता लोण्यासारखा झाला, तरी आक्काचं म्हणणं, घरघर आहेच. मग गाडी बिघडल्यावर कुठलाही जबाबदार चालक जे करतो ते मी केलं. रेडिओ मोठा केला.

कराडला पंपावरच्या माणसानं टायरला लाथ घालून हवा कमी असल्याचं निदान केलं. उंब्रजला चहावाल्यानं सायलेन्सरवर ठपका ठेवला. तिथेच बशीतून चहा ओढणाऱ्या एका अनोळखी सद्गृहस्थांनी गाडी विकून टाकण्याचा सल्ला दिला, आणि घेणारा योगायोगानं त्यांचा साडूच निघाला. (आपल्या मुलखात आजारी माणसाजवळ बसायला कुणाला वेळ नसतो, पण उघड्या बॉनेटभोवती पाच मिनिटांत ग्रामसभा भरते.) आक्का प्रत्येकाला बजावत होती, "आवं, उजव्या अंगानं येतंय, माझ्या बुडाखालनं." प्रत्येकानं आदरानं "व्हय आक्का" म्हटलं आणि डावीकडे जाऊन वाकून बघितलं.

साताऱ्यात आमचा सिद्धू मिस्त्री आहे. दसऱ्यासाठी गाड्या चकचकीत करून घेणाऱ्यांनी त्याला घेरलेलं, त्यामुळे आमचा नंबर लागला थेट अष्टमीला. कान हेच आपलं मुख्य हत्यार, असं त्याचं म्हणणं. "साहेब, मी आदी आवाज वळखतो, पाना मागनं लावतो." त्यानं एक चक्कर मारली. डावं वळण घेताना घरघर वाढली, म्हणून मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलं असा निकाल दिला आणि ते काढून नवं बसवलं. पुन्हा चक्कर मारली. घरघर जशीच्या तशी. तेव्हा कुठे त्यानं उजवी बाजू जॅकवर घेतली आणि चाक धरून हलवलं. दाजी, ते चाक म्हाताऱ्याच्या शेवटच्या दातासारखं हललं! त्यानं माझा हात आत स्प्रिंगवर ठेवायला लावला आणि चाक फिरवलं. हाताला शेंगा भरडल्यासारखं लागलं. "डाव्या वळणाला सगळा भार उजवीकडं पडतोय न्हवं का," असं तो मलाच समजावू लागला, जणू डाव्याचा हट्ट मी धरला होता. आक्का शेजारच्या खुर्चीत बसून नुसती बघत होती. ते बघणं तुम्हाला माहीत आहे.

चाक काढलं, ड्रम काढला, तोवर अंधार पडला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडली खंडेनवमी! गेलो तर पाने, हातोड्या, पुलर सगळे पाटावर मांडलेले, वर झेंडू. सिद्धू आंघोळ करून, टिळा लावून उभा. "हत्यारं पूजेला बसलीत साहेब. उद्या उत्तरपूजा झाल्याबिगार हात लावणार न्हाई." तुमची गाडी तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभी, गळ्यात हार. त्यानं काढून ठेवलेल्या चाकाला वेगळा नारळ फोडला आणि उघड्या अ‍ॅक्सललाही हळदकुंकू वाहिलं. (ग्रीसवर कुंकू फार सुरेख बसतं.) आक्का मात्र बेचैन. "काय बी कर, उद्या सांजच्या आत मला सांगलीला पोचव. ते एकटं हायती." मी म्हटलं, दाजींनी सीमेवर एकट्यानं हिवाळे काढलेत. तर म्हणाली, "तितं कुकर न्हवता." मला तेव्हा काही उमगलं नाही.

दसऱ्याला सकाळी उत्तरपूजा झाली आणि सिद्धूच्या सीमोल्लंघनाचा मान आपल्या गाडीला मिळाला. त्यानं अ‍ॅक्सल रॉकेलनं धुतला, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, नवं ग्रीस भरून नवं बेअरिंग बसवलं, नट आवळून पिन मारली. परत माझा हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवलं. हाताला काही म्हणजे काही लागलं नाही. काहीच न लागण्यात एवढं सुख असतं, हे मला पन्नाशीत कळलं. "अजून पाच-पन्नास किलोमीटर चालली असती तर चाकच फुडं पळालं असतं," हे सिद्धूनं आक्का गाडीत बसल्यावर सांगितलं, एवढी त्याला अक्कल आहे.

निघालो. उंब्रज गेलं, कराड गेलं, गाडीत चिडीचूप. रेडिओ लावायची इच्छा झाली नाही. इतकी शांतता झाली, की आक्का बोलू लागली. "घरात मी आता बोलतच न्हाई रं. एकदा सांगायचं, दोनदा सांगायचं, मग वरडायचं. शेजारीण इचारती, भांडताय व्हय? त्यापरीस गप्प बरं." दाजी, लग्नात मंगलाष्टकं थांबवून भटजींची चूक काढणारी आपली आक्का! कुकर लावून तुम्ही पेपर वाचत बसता आणि शिट्ट्या तेवढ्या गल्लीला ऐकू येतात, हेही तेव्हाच कळलं. "मागनं ट्रक हारन मारतोय आन हे स्कूटरवर रस्त्याच्या मदनं. कवा काय हुईल..."  मी आरशात बघायचं टाळलं.

तुमच्या दारात पोचल्यावर मी तुम्हाला खणखणीत आवाजात सांगितलं, की मागचं चाक निखळता निखळता वाचलं. तुम्ही माझ्या हातात सोनं ठेवलंत आणि हसून म्हणालात, "छान, छान!"

तर असं आहे. गाडी गप्प झाली याचा मला फार आनंद आहे. आक्का गप्प झाली, याचा नाही.

आपला आज्ञाधारक,
वीरधवल

ता. क. सोबतच्या डब्यात दोन बेअरिंगं आहेत. बिनदोऱ्याचं ते विनाकारण काढलेलं डावं. लाल दोरा बांधलेलं ते उजवं. आतल्या कड्यात बोट घालून दोन्ही फिरवून बघा. कानाला नाही कळलं तरी हाताला कळेल. कळलं की दोऱ्याचं आक्काच्या हातात द्या आणि म्हणा, "तू सांगत होतीस ते खरं होतं." बाकी मी सांभाळतो.

ता. क. २. पत्राचं मूळ कारण हे, की साताऱ्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे येत्या बुधवारी नंबर लावला आहे. नाही म्हणू नका. आदल्या दिवशी मी घ्यायला येतो. शेजाऱ्यांना सांगताना गाडीची ट्रायल म्हणू.

ता. क. ३. आमच्या सौ. संयोगितानं पत्र वाचलं आणि विचारलं, जी घरघर आक्कांना सांगलीतच ऐकू आली ती तुम्हाला साताऱ्यापर्यंत कशी आली नाही? मी म्हटलं, रेडिओ होता. ती आणखी काहीतरी म्हणाली. मी "काय?" म्हटलं. त्यामुळे आता बुधवारी दोन नंबर लावले आहेत, तुमच्यामागे माझा. आक्का मागच्या सीटवर, उजव्या खिडकीशी बसणार आहे. तिला काय बोलायचं ते बोलू दे. आपण ऐकू, जाताना नाही, तर येताना.