खिडकीतलं नुसतं आभाळ

प्रिय आई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते.

इथे बांधत असलेल्या दवाखान्यातल्या रुग्णांची खोली मी तुझ्या जुन्या कवितेवरून आखतेय. कवितेतल्या खिडकीत नुसतं आभाळ आहे. ती खिडकी आपल्या मागच्या खोलीतली. नकाशा काढताना कळलं, तिथे उभं राहिलं की शेजाऱ्यांची भिंत दिसते. नुसतं आभाळ दिसतं ते खाटेवर पडल्यावरच. ती कविता लिहिलीस तेव्हा तू "जरा पाठ टेकते" म्हणायचीस आणि आम्ही खेळायला पळायचो.

इथली खिडकी मी गुडघ्याइतकी खाली घेतली, पडल्यापडल्या रस्त्यावरची माणसं दिसावीत म्हणून. गवंडी म्हणाला, "बाई, ही खिडकी की उंबरठा?"

बाबा हल्ली स्वयंपाक करतात म्हणे. हौसेनं का?

तू परवा पाठवलेल्या नव्या कवितेतही नुसतं आभाळच आहे. आई, किती दिवस पडून आहेस?

तुझीच,
धाकटी