पाळण्याचं काय करायचं

१२ मार्च, मंगळवार

प्रिय ताई,

मी मजेत आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची आपल्या घरची रीत, म्हणून लिहिलं. भाऊजींची कंबर कशी आहे? तुझी चिमणी उंचीनं तुझ्या खांद्याला लागली का?

इकडे शाळेच्या गणवेशांचं कापड कापणं जोरात चालू आहे. आमच्या कारखान्यातली एक गंमत तुला कधी सांगितली नाही. कापड पेटू नये म्हणून सिगारेट ओढणाऱ्यांना अधूनमधून मागच्या जिन्यावर सोडतात. न ओढणाऱ्यांनी टेबलापाशीच बसायचं. मी नवीन होते, हे बोटीवर, ओळखीचं कुणी नाही. जिन्यावरून बायकांचं हसणं ऐकू यायचं. मग मीही एक पेटवली. आईला कळलं असतं तर चामडीच लोळवली असती! त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

हल्ली सोडलीय. तरी सवयीनं जिन्याकडे निघाले, तर मुकादम म्हणाला, "ओढत नाहीस, मग तिथे काय हवा खायला जातेस?" आता टेबलापाशी बसते. बोलायला कात्री आहे.

का सोडली, ते सांगते. पाळी चुकली, ताई. पुढच्या महिन्यातही आली नाही. ह्यांना फोन करायला हात नुसते शिवशिवत होते. आधी खात्री करावी म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी दोनदा रक्त तपासलं. बाळ नव्हतंच. अंडाशयातली बीजं संपत आल्यावर जे हार्मोन कमी होतं ते तळाला गेलंय, आणि अंडाशयाला जागं करणारं भलतंच वाढलंय. आतून कुणी दार उघडत नाही म्हणून बाहेरचा जोरजोरात कडी वाजवतो ना, तसं.

"चाळिशीत हे उतरतंच," त्या म्हणाल्या, "धुरानं आणखी लवकर उतरतं."

"माझं किती वयानं आणि किती धुरानं?"

"ते वेगळं काढून नाही हो सांगता येत."

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. तुलाच आधी.

लहानपणी सगळं तुझं होऊन मग माझ्याकडे यायचं. फ्रॉक, सायकल, चष्म्याची फ्रेमसुद्धा! मागच्या पत्रात तू अजून दर महिन्याला येणाऱ्या पाळीच्या नावानं बोटं मोडली होतीस. तेवढा भाग मी परत वाचला नाही. मला बसल्या जागी वाफा येतात, मानेवरून घाम निथळतो, आणि "उकडतंय का गं?" एवढं विचारणारंही घरात कुणी नाही. मला फार एकटं वाटतं, ताई.

आपला पाळणा तुझ्यासाठी ठेवू की शेजारच्या सुनेला देऊ, असं तू किती वेळा विचारलंस, आणि मी दर वेळी हवापाण्याचं लिहिलं. देऊन टाक. आधी कठड्यावरच्या दातांच्या खुणांवरून एकदा हात फिरव. वरच्या तुझ्या, खालच्या माझ्या.

फोन करू नकोस, मला बोलता येणार नाही. जमलं तर ये. आणि तुला वाफा यायला लागल्या की काय करायचं ते मला विचार.

या एकाच गोष्टीत तुझ्याआधी मोठी झालेली,
तुझी धाकटी