नवी सुई, जुना हात

दादा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडू आलं नव्हतं, आणि आज लिहायला बसले तरी येत नाही. काय झालं होतं तेवढं लिहिते.

दुष्काळाचं साल होतं. लग्नं नाहीत, जयंतीला वर्गणी नाही, त्यामुळं भाड्यानं द्यायचे भोंगे उमरग्याच्या आपल्या दुकानात धूळ खात पडलेले. मी नवऱ्याचं घर कायमचं सोडून आले होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला स्टूल सरकवलंत आणि म्हणालात, "बस इथं. हात स्थिर हाय तुझा."

त्या उन्हाळ्यात सोसायटीचे चेअरमन त्यांचा रेकॉर्ड प्लेअर घेऊन आले. आडतीचे व्यापारी, घरात कानडी बोलणारे. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. त्यांची मुलगी गायची. तिच्या गाण्याची एक तबकडी निघाली होती, आणि पुढं ती बाळंतपणात गेली. घरात तेवढी एकच तबकडी. जुन्या सुईनं ती झिजू नये म्हणून त्यांनी मुंबईहून नवं, नाजूक सुईचं कार्ट्रिज मागवलं होतं. तुम्ही ते तळहातावर घेतलंत, प्लेअरचा सुई धरणारा हात बोटानं उचलून बघितलात. "आप्पा, सुई नाजूक हाय अन् हात जड हाय. दोघांचं जमवायला दोन दिवस लागतील."

दोन दिवस तुम्ही दुसरं काही केलं नाहीत. हाताच्या बुडाखाली वायसर घालून उंची जमवलीत, सुई कुठं टेकावी ते पुठ्ठ्यावर आखून घेतलंत, मागच्या टोकाला शिशाचं वजन बसवलंत. सुईचा भार मोजायला तुमची तराजू होती, ब्लेडच्या धारेवर तोललेली सायकलची तार. "दोन ग्रॅम. जास्त झाला तर तबकडी नांगरून काढंल."

तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला बाहेर जायचं होतं. शेवटचं तोलणं माझ्यावर सोपवून गेलात. वारं सुटलं होतं, तार ठरत नव्हती. तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. मी वजन अंदाजानं सरकवलं, स्क्रू आवळला आणि घागर घेऊन पळाले.

दुपारी तुम्ही विचारलंत, "तोललंस का?"

"व्हय," मी म्हणाले.

संध्याकाळी आप्पा प्लेअर घरी घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तबकडी घेऊन दुकानात उभे. सुई भारानं दबून वाकली होती आणि कार्ट्रिजचं बूड तबकडीवर घासत गेलं होतं. पांढरा ओरखडा काठापासून पार आतपर्यंत. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती, एवढं ते तुम्हाला बोलले. मी स्टुलावर बसून होते. तुम्ही मान खाली घालून म्हणालात, "चूक माझी हाय, आप्पा. माझी तराजूच खोटी निघाली."

ते गेल्यावर तुम्ही तराजूची तार वाकवून फेकून दिलीत. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत, कारण माझ्यावर शंकाच नव्हती.

सोसायटीच्या सभांना भोंगे लावायचं काम गेलं. तुम्ही आईबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागलात. पाऊसपाणी झाल्यावर दुकान उघडलंत, पण बोटांना बारीक स्क्रू लागेना. "बधिर झालीत गं," म्हणायचात आणि पेचकस माझ्याकडं द्यायचात. पुढं सगळं मीच करत गेले. लोक म्हणायचे, बापाचा हात आला हिच्यात.

तुमच्या मातीला आप्पा आले होते. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. सगळ्यांसमोर माझ्यापुढं हात जोडले. "पोरी, तुझ्या बापाला मी लई टाकून बोललो. मला माफ कर."

दादा, हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, आईलाही नाही. आप्पांना त्या दिवशी खरं सांगता आलं असतं. मी त्यांचे हात धरले आणि म्हणाले, "जाऊ द्या आप्पा, केलं माफ."