चुंबकाच्या बुचाला आलेली दाढी

हॅलेटच्या वर, घरून
रविवार, २२ ऑगस्ट

ती. व्हर्नाताईस,

गार्नेटचा नमस्कार. मी, आपला कुत्रा टिन आणि अठराशे चाळीस मेंढ्या (परवापासून उघड्याबोडक्या) इकडे ठीक आहोत. तुझा नवा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितली असेल तर लगेच सोडू नकोस, आणि धरायला सांगितली असेल तर रोवेनावर उगारू नकोस. लेक तुझं मनापासून करते आहे. तिच्या फ्लॅटला लिफ्ट आहे, गॅसचा हीटर आहे, खालीच औषधाचं दुकान आहे, हे तिने मला फोनवर तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागली तेव्हा मी रिसीव्हर टिनच्या कानाला लावला, त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पाऊस चार मिलिमीटर झाला. कोंबड्या तुझी आठवण काढत असाव्यात, कारण अंडी बंद आहेत.

पत्राचं कारण तुला माहीत आहे. इथून निघताना, रोवेनाच्या गाडीचं दार अर्धं लावलेलं असताना, तू मला अट घातलीस. कातरणीआधी शेडमधल्या, कातरी फिरवणाऱ्या इंजिनाचं ऑइल बदलायचं, तळाचं चुंबकाचं बूच पांढऱ्या कागदावर पुसायचं आणि तो कागद तुला पाठवायचा. बूच चांगलं निघालं तर तू परत येणार. लोखंडाचे तुकडे निघाले तर इंजिन संपलं, आणि इंजिन संपलं की आपण दोघांनीही आवरतं घ्यायचं: जमीन खंडाने द्यायची, तू ॲडलेडला लेकीकडे राहायचं, आणि मी (माझं काय ते तू सांगितलं नाहीस, रोवेना गाडी मागे घेत होती). मी 'हो' म्हणालो. घाईत माणूस कशालाही हो म्हणतो.

आता हे सगळं माझ्याकडे का आलं, याचंच मला नवल वाटतं. एकतीस वर्षं त्या इंजिनाला तुझ्याशिवाय कोणी हात लावला नाही. मी मेंढ्या आणायच्या, स्वयंपाक करायचा आणि तू इंजिन चालवायचं, अशी आपली वाटणी. शेडच्या भिंतीवर तुझे एकतीस कागद ओळीने चिकटवलेले आहेत, प्रत्येकावर बुचाचा एक करडा डाग आणि खाली तारीख. दर कातरणीला आजूबाजूचे लोक येऊन ते बघतात, कोणी हात बघून भविष्य सांगावं तसे. त्यातून मी एवढंच शिकलो की सायीसारखा मऊ करडा लेप म्हणजे तब्येत उत्तम, आणि बोटाला टोचलं तर समजावं की आत काहीतरी तुटतंय. (चुंबकाला फक्त लोखंड-पोलाद चिकटतं, बेअरिंगचा पांढरा धातू झिजला तर बूच गप्पच बसतं, हेही तू सांगितलं होतंस. बघ, लक्ष असतं माझं.)

तर गेल्या शनिवारी सकाळी मी इंजिन तापवलं, मेंढ्यांच्या औषधाचा रिकामा डबा खाली लावला आणि पाना फिरवला. बूच निघालं आणि गरम ऑइल थेट माझ्या बाहीत शिरून काखेपर्यंत आलं. मी हातातलं बूच जवळच्या फळीवर टाकलं, तुझ्या देखत कधी उच्चारले नाहीत असे दोन शब्द उच्चारले आणि शर्ट बदलायला घरात गेलो. परत आलो, चष्मा लावला, बूच उचललं. ताई, त्याला दाढी आली होती. चांगली बोटभर, चकाकती, कडक. कागदावर पुसलं तर अंगठ्यात दोन कण रुतले.

मी तिथे उलट्या डब्यावर बसलो. किती वेळ ते माहीत नाही, डब्याची कड मांडीवर उमटली एवढं खरं. तू म्हणशील, फोन का नाही केलास? फोन केला असता तर तू काठी टाकून बसमध्ये बसली असतीस आणि रोवेनाने मला कोर्टात उभं केलं असतं. शिवाय सांगणार काय होतो? तुझं सामान पाठवून देऊ का, असं?

तेवढ्यात शेजारचा मर्विन ट्रेझाइज शिडी परत द्यायला आला. (आपली शिडी. दोन वर्षांपूर्वी नेली होती. नेमका मुहूर्त त्याने हाच शोधला.) त्याने कागद उजेडात धरला, जिभेने टाळूवर टक् केलं आणि म्हणाला, "गिअरचे दात गेले, गार्नेट. ही कवळी आता बदलायचीच." मर्विनला तू ओळखतेसच. तो निदान आधी करतो आणि आजार नंतर शोधतो. आम्ही इंजिनाचं बाजूचं झाकण उघडलं. दात मोजले. त्याचे बेचाळीस भरले, माझे एक्केचाळीस. पुन्हा मोजले तर त्याचे एक्केचाळीस आणि माझे त्रेचाळीस. शेवटी खडूने एकेक दात पांढरा केला आणि मोजला: बेचाळीस, सगळे शाबूत. मला हायसं वाटलं. मर्विनला वाटलं नाही. "मग पिस्टनच्या रिंगा," तो म्हणाला, आणि पाना घेऊन वर चढला.

रविवारी दुपारी चारपर्यंत इंजिन मोकळं होऊन जमिनीवर आलं होतं. (खाली काय पसरलं होतं ते विचारू नकोस. आईचा नाताळचा टेबलक्लॉथ मी तीनदा उकळला आहे, आणि डाग तसे एका अंगालाच आहेत.) रिंगा ठीक, सिलिंडर ठीक, सगळं ठीक. याचाच मला जास्त धसका बसला. पोलाद तर कुठून तरी आलंच होतं. मर्विन आता म्हणायला लागला की इंजिन मनातल्या मनात झिजत असावं.

त्याच वेळी कातरणाऱ्यांच्या टोळीची मुकादम ब्रॉन्विन स्पार्गो तिची गाडी घेऊन आली. दर वर्षीप्रमाणे आदल्या दिवशीच, कातरीच्या फण्यांना धार लावायला. टेबलक्लॉथवरचं इंजिन बघून तिने टोपी काढली. मग भिंतीजवळचा माझा कागद उचलला, चिमूटभर दाढी बोटांत चोळली, वास घेतला.

"हे इंजिनाचं नाही. हे आमचं आहे," ती म्हणाली. "बूच कुठे ठेवलं होतंत, गार्नेटकाका?"

मी फळी दाखवली. ती फळी धार लावायच्या चाकाखालची होती. गेल्या वर्षीच्या सगळ्या फण्यांचा कीस तिच्यावर तसाच पडलेला होता, आणि चुंबक ठेवायला मला अख्ख्या शेडमध्ये तीच जागा सापडली. ब्रॉन्विनने मग टोपी परत घातली आणि विचारलं, "आणि हे सगळं तुम्ही उघडलं कशासाठी?" मर्विन म्हणाला, शिडी द्यायला आलो होतो.

हसायला वेळ नव्हता. सोमवारी साडेसातला काम सुरू करायची पहिली घंटा. आपली पाळी चुकली तर ब्रॉन्विनची टोळी पुढच्या शेडवर जाणार, मग ऑक्टोबरपर्यंत नाही, आणि तोवर लोकरीत माश्या. आम्ही तिघांनी दिवस मावळेपर्यंत जोडाजोड केली, सोमवारी पहाटे उठून पुन्हा केली, पण वरच्या झाकणाचं पॅकिंग काढताना मर्विनने फाडलं होतं. नवं पॅकिंग मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यातून कापलं. (ऑगस्टच्या पुढचे महिने आता आपल्याकडे नाहीत.) साडेसात वाजले तेव्हा पाच कातरणारे आपापल्या जागी उभे, मेंढ्या आत, आणि इंजिन अजून अर्धं माझ्या मांडीवर.

आता जे सांगतो ते शांतपणे वाच. ब्रॉन्विनने बाहेर जाऊन एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि मोठ्याने म्हणाली, "मला ह्या ओल्या वाटतात. मत घेऊ या." आकाश घासल्यासारखं स्वच्छ होतं, ताई. त्या चार मिलिमीटरला आठ दिवस झाले होते. पण नियम म्हणजे नियम: ओल्या मेंढीला कातरणारा हात लावत नाही, आणि ओली की कोरडी हे त्यांच्या चिठ्ठ्या ठरवतात, मालकाने तोंड उघडायचं नाही. जॅमच्या डब्यात पाच चिठ्ठ्या पडल्या. चार ओल्या, एक कोरडी. कोरडी म्हातारा लिंडसे गॅड याची. त्याने आयुष्यात ओलं असं मत दिलेलं नाही, आणि त्याने ते नंतर मला येऊन सांगितलंही: "मेंढ्या कोरड्या होत्या. मी खोटं लिहिणार नाही. पण हरल्याचं वाईट वाटत नाही." ओलं ठरलं की तेवढ्या वेळाची मजुरीही जाते. सगळ्यांनी आपली अख्खी सकाळ सोडली आणि शेडच्या पायऱ्यांवर उन्हात चहा पीत बसले.

मी ब्रॉन्विनला म्हणालो, हे तू माझ्यासाठी करायला नको होतंस. ती म्हणाली, "तुमच्यासाठी कोण करतंय? व्हर्नाताईंनी एकतीस वर्षांत आमची एक घंटा चुकवली नाही. त्यांच्या शेडमधली पहिली चुकलेली घंटा मेंढ्यांच्या नावावर जाऊ दे." तुला खोटं मत खपत नाही हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी धुक्यात तू तिच्याशी यावरून भांडली होतीस. म्हणून लिहून कळवतो आहे, समोर सांगायची हिंमत नाही.

एक वाजायला दहा मिनिटं असताना इंजिन सुरू झालं. पट्टा फिरला, वरचा दांडा फिरला, पाचही कातरी एकदम वाजायला लागल्या आणि मर्विनच्या डोळ्यांत पाणी आलं. (धूर होता असं तो म्हणतो.) एक वायसर उरला आहे, तो मी तुझ्या खणात ठेवला आहे. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची मेंढी सुटली, लोकर चांगली उतरली, मी भाजलेल्या मटण-बटाट्याच्या पेस्ट्या सगळ्यांना पुरल्या, कोणाला कातर लागली नाही. काल, शनिवारी, मी ऑइल पुन्हा काढून बूच पुन्हा पुसलं, या वेळी हात धुऊन आणि चष्मा लावून. ते कुठे ठेवायलाच नको म्हणून कागद आणेपर्यंत दातांत धरून उभा राहिलो. चव चांगली नसते. कागद सोबत जोडला आहे. करडा, मऊ, सायीसारखा, तुझ्या एकतीस कागदांच्या शेजारी लावला तर ओळखू येणार नाही असा. यावरून तू काय ते समज.

रोवेनाला आशीर्वाद. तिच्या लिफ्टलाही.

तुझा,
गार्नेट

ता. क. मर्विनने शिडी पुन्हा नेली.

ता. क. २. सोबतचा कागद आपल्या इंजिनाचा नाही. तो मर्विनच्या ट्रॅक्टरचा आहे. मर्विन म्हणाला, सगळे करडे डाग सारखेच दिसतात, व्हर्नाला काय कळणार. मी पाकिटाला जीभ लावली आणि मग आठवलं की तुला कळणार. म्हणून पाकीट फोडून हे लिहितो आहे.

ता. क. ३. आपल्या बुचावर लेप मऊच होता, पण त्यात एक कपची होती. गव्हाच्या दाण्याएवढी. खरी, आतलीच, फळीवरची नाही. ती मी या पत्राच्या मागे चिकटपट्टीने लावली आहे, जपून उलट. मर्विन म्हणतो ती त्याच्या छिन्नीची आहे, झाकण उचकटताना उडालेली. असेलही. पण तू परत यावीस म्हणून मर्विन सध्या काहीही म्हणेल, कारण माझ्या हातचं इंजिन त्याने पाहिलं आहे. ती कशाची आहे ते मला सांगता येत नाही, तुला बोटांत धरताच सांगता येईल. ती तळ्यात टाकून द्यायला मी काल दोनदा गेलो होतो.

ता. क. ४. अट तू घातलीस तेव्हा मी 'हो' म्हणालो, कारण मला वाटलं होतं बूच चांगलंच निघेल. ते चांगलं निघालेलं नाही. तेव्हा माझं 'हो' मी परत घेतो. इंजिन बंद पडलं तर पडू दे, ब्रॉन्विन विजेच्या मोटारी आणेल म्हणते. मला तू घरी हवी आहेस. ॲडलेडची बस गुरुवारी सव्वादोनला हॅलेटला थांबते, मी तिथे उभा असेन. तू उतरली नाहीस तर त्याच्या पुढच्या गुरुवारी.