व्हिसावरचं कुंकू

वाशी, रविवार

ती. आईस मुकुंदाचे चरणस्पर्श.

आपला धाकटा कुंदन परदेशी गेला नाही. माझ्याकडे सुखरूप आहे. निरोप देताना तू त्याच्या व्हिसाला ओलं कुंकू लावलंस, तिथेच शाई पसरली. विमानतळावरच्या इमिग्रेशन अधिकारी बाई म्हणाल्या, "खरा व्हिसा असा विरघळत नाही, भाऊ."

पासपोर्ट जप्त करून चौकशी करायचा अधिकार त्यांना कायद्यानेच आहे. कुंदनलाही आरोपी करता आलं असतं. पण त्यांनी चहा दिला, अथपासून इतिपर्यंत ऐकून घेतलं आणि खोटा व्हिसा विकणाऱ्या तुर्भ्याच्या एजंटाला पोलिसांनी उचललं. कुंदन आता साक्षीदार आहे. त्या बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. तुझ्या कुंकवाचेही, पण म्हणून आता घरातल्या मिक्सरलाही लावत सुटू नकोस.

कुंदन जेवतो कमी. फोन केलास तर तिकडच्या नोकरीचं नको, भाजी कोणती केली तेवढंच विचार.

तुझा,
मुकुंदा