नसलेल्या मशिनांचा ताप

४ मार्च, सोमवार
डोकं फिरलंय. सूनबाईंनी दुकानात डझनभर मशिनं आणलीत म्हणे. कुठेत? टेबलावर कॉम्प्युटर एकच. बाकीची त्याच्या पोटात आहेत बाबा, व्हर्च्युअल आहेत, म्हणाल्या. म्हणजे नाहीतच! आणि ही नसलेली मशिनं आपला बिलाचा प्रोग्राम आपोआप तपासणार.
मग मी काय करायचं? आधी याच दुकानात वजनकाटे दुरुस्त केले. पोराने प्रोग्राम विकायला घेतले तेव्हापासून एकही प्रोग्राम माझ्या बोटाखालून गेल्याशिवाय बाहेर पडलेला नाही. चिरंजीव म्हणतात, बाबा, आता घरी आराम करा. आराम! दुश्मनालाही कुणी असं बोलू नये.
शनिवारी औषधवाल्याकडे नवा प्रोग्राम जायचाय. त्याच्या आत या मशिनांना न सापडलेली चूक काढून दाखवणार. मग कळेल कोण घरी बसतं ते.

५ मार्च
चूक मिळाली नाही. खुर्ची बदललीय, त्यामुळे. असल्या फिरत्या खुर्चीत माणसाचं लक्ष लागतं का?

६ मार्च
रागवायचं नाही असं सकाळी ठरवलं. चहाच्या आधीच रागावलो. चहा उशिरा आला, माझा दोष नाही.
सूनबाईंनी मला त्यातलंच एक नसलेलं मशीन उघडून दिलं. यात काहीही दाबा बाबा, काही बिघडत नाही. काहीही दाबा? मी काय लहान मूल आहे?
तरी दिवसभर राबलो. औषधांच्या नावांचं स्पेलिंग सुधारलं. कंपन्या काहीच्या काही लिहितात. 'सेव्ह'च्या जागी 'ठेवून द्या' केलं. आता कुठे प्रोग्राम माणसात आला.

७ मार्च
सगळं पुसलं! एक अक्षर शिल्लक नाही. चिरंजीवांना धरलं. मी हात लावला नाही म्हणाले. सूनबाई म्हणाल्या, बाबा, ते मशीन रोज संध्याकाळी पहिल्यासारखं होतं, कोऱ्या मशिनाचा एक नमुना जपून ठेवलाय, दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात. म्हणजे दिवसभर काय झालं याचा त्याला पत्ताच नाही. असलं बिनडोक मशीन काय चाटायचंय?
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, नशीबवान आहे हो ते मशीन, मला लग्नापासून जमलं नाही.
काय म्हणायचं होतं कुणास ठाऊक. विचारलं नाही.

८ मार्च, शुक्रवार
सापडली! सापडली! सापडली!
बिल छापायचं बटण दाबलं. ढिम्म. परत दाबलं. ढिम्म. मग डोकं फिरलं आणि दाबतच सुटलो. एका खोकल्याच्या बाटलीची अकरा बिलं! औषधवाल्याच्या कपाटातल्या सगळ्या बाटल्या कागदावर खलास. इतका ओरडलो की शेजारचा शिंपी गळ्यात टेप घेऊन पळत आला.
सूनबाई खूश. अगदी असंच पुन्हा करून दाखवा बाबा. दाखवलं. परत दाखवा. परत दाखवलं. टेबलावर मूठ आपटली, तर म्हणाल्या, मूठ नको, नुसतं बोट.
माझ्यावाचून चालत नाही, हे सिद्ध झालं. उद्या औषधवाल्याकडे जातीने जाणार. कोटाला इस्त्री करायला सांगितली.

९ मार्च
कोट घालून दुकानात पोचलो, तर चिरंजीव औषधवाल्याकडे जाऊनही आले होते. सूनबाईंनी चूक कालच दुरुस्त केली म्हणे. आता प्रोग्रामने पहिलं दाबणं धरायचं, बाकीची सोडून द्यायची.
मग स्क्रीनवर मशिनांची यादी बघितली. शेवटी एक नवीन. नाव 'बाबा'.
हे काय? सूनबाईंनी चालू करून दाखवलं. बाण आपोआप बटणावर गेला. दाबलं. धीर नाही. परत दाबलं. मग दाबतच सुटला. मग सगळं बंद करून पहिल्यापासून. दारात शिंपी पोट धरून हसत होता, हुबेहूब म्हणे.
अजिबात हुबेहूब नाही. मी इतकी घाई करत नाही. तसं सांगितलं. सूनबाई म्हणाल्या, थोडं हळू करू का?
प्रत्येक प्रोग्राम आता यातून जाणार. म्हणजे तुम्हाला रोज यायची... एवढंच बोलून थांबल्या.

११ मार्च, सोमवार
घरी. माझ्या मर्जीने. थोडी विश्रांती प्रत्येकाला लागते.
सहज दुकानात फोन केला. चिरंजीव म्हणाले, बाबा सकाळपासून कामावर आहेत, एकदाही ओरडले नाहीत. फोन आपटला.
ही म्हणाली, म्हणजे गरीब बाबा दुकानाला आणि हे माझ्या वाट्याला? सूनबाईंना सांगा, अदलाबदल करा.
परत फोन लावला. उचलेनात. परत लावला. लावतच सुटलो. बोट दुखायला लागलं तेव्हा सूनबाईंनी उचलला.
बाबा, म्हणाल्या, पहिला धरलाय. बाकीचे सोडून दिलेत.