गाडी जागी आहे

प्रिय छोटे,

रविवारी गाडी न्यायला येते आहेस, म्हणून लिहायला बसले. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो गं ताई, कळलं गं ताई" म्हणत असतेस आणि मागे तुझी बोटं कीबोर्डवर चाललेली मला ऐकू येतात. कागद निदान हातात धरावा लागतो. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक तू उघडणार नाहीस. बाबांनी ते पहिल्या पानापासून वाचलंय, पण हल्ली त्यांच्या सांगण्यावर विसंबून चालत नाही. तेव्हा इतकी वर्षं जी बाई ही गाडी चालवते आहे तिचं ऐक. आणि आधीच सांगून टाकते, मला हेवा वाटतोय. लपवून काय करू, तुला आवाजावरून कळतंच. गाडी तुला द्यायचं बाबांनी ठरवलं तेव्हाच माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. वर तू स्पीकरवरून म्हणालीस, मग बाबांनाही घेऊन जाते, राहू देत माझ्याकडे, आणि बाबांनी हातातला घास तोंडात जायच्या आत मान डोलावली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. म्हणजे रविवारी गाडीही जाणार, बाबाही जाणार, आणि मी रिकाम्या गॅरेजचं शटर ओढून चष्म्याच्या दुकानात जाऊन बसणार. असो. गाडीचं सांगते.

सगळ्यात पहिलं, ही गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे असं समजू नकोस. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की समोर हिरव्या अक्षरांत 'रेडी' उमटतं, बाकी हूं की चूं नाही. नव्या माणसाला वाटतं सुरूच झाली नाही, तो पुन्हा बटण दाबतो आणि आहे ती बंद करून बसतो. बाबांना तेच आवडलं होतं. जन्मभर लिफ्ट बसवून त्यांचे कान किटले होते. धंदा विकल्यावर त्यांनी एकच हौस केली, ही. शोरूममधून आणली त्या दिवशी दारात उतरून ते सरळ घरात आले. आई म्हणाली, अहो, गाडी चालूच आहे. बाबा म्हणाले, छे, काही ऐकू येतंय का तुला? आणि तेवढ्यात तिचं इंजिन आपलं आपण सुरू झालं. आई म्हणाली, ही झोपली नव्हतीच, जागी होती. तू तेव्हा इथे नव्हतीस, तू कधीच इथे नसतेस, म्हणून सांगते. तेव्हापासून आपल्याकडे गाडी बंद करत नाहीत, झोपवतात. घरात पाऊल टाकलं की आई आधी विचारायची, झोपवलीस का? नवी शेजारीण कितीतरी दिवस समजत होती की आमच्याकडे तान्हं बाळ आहे.

तर उतरण्याआधी हिरवी अक्षरं विझली का ते बघायचं. प्रत्येक वेळी. जागी राहिली तर आधी बॅटरीवर गप्प बसून राहते, आणि बॅटरी उतरली की ती भरायला इंजिन सुरू करते. आत माणूस आहे का, बाहेर शटर लावलेलं आहे का, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. हे वाक्य पुन्हा वाच. मी पुढे याच्यावर परत येणार आहे.

आता चालवण्याचं. तुझा उजवा पाय जड आहे, वाईट वाटून घेऊ नकोस. तू सिग्नल सुटला की उडी मारतेस आणि पुढचा सिग्नल आला की गच्चकन थांबतेस. या गाडीला ते चालत नाही. म्हणजे चालतं, पण मग हायब्रिड घेऊन उपयोग काय? वेग हवा तेवढा घ्यायचा, मग पाय पूर्ण उचलायचा आणि पुन्हा अगदी अलगद टेकवायचा. असं केलं की इंजिन बाजूला होतं आणि गाडी बॅटरीवर घरंगळत जाते. थांबायचं असेल तर लांबूनच ब्रेकवर हलका पाय ठेवायचा. वेग कमी होताना जो जोर वाया जातो तो ही बॅटरीत साठवते. एकदम दाबलास की नुसता ब्रेक झिजतो आणि मिळत काही नाही. सिग्नलला न्यूट्रलमध्ये टाकायची तुझी सवय सोड, न्यूट्रलमध्ये हिची बॅटरी भरत नाही. लांबच्या उतारावर गिअर 'बी'वर घे, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. आणि गंमत अशी, की इतकं हळुवार चालवलं की ब्रेकच्या चकत्यांना काम उरत नाही आणि त्या गंजतात. म्हणून अधूनमधून, विशेषतः धुतल्यावर, मोकळा रस्ता बघून दोनचारदा नीट दाबून ब्रेक लावायचे. हे तुला सांगायची गरज नाही म्हणा. तुझ्याकडे गंजणार नाहीत.

मागच्या खेपेला तू बाबांना फिरवून आणलंस ते आठवतंय ना? मला मागे बसवलं होतंत दोघांनी. बाबा आपणहून पुढचं दार उघडून तुझ्या शेजारी बसले. मी चालवते तेव्हा ते पुढे कधी बसले नाहीत, छोटे. एकदाही नाही. दवाखान्यात न्यायचं असो, बँकेत न्यायचं असो, मागे माझ्या पाठीशी बसणार, पेपर उघडणार, आणि कोपऱ्यावरचं वळण यायच्या आत पेपर मांडीवर आणि हनुवटी छातीवर. घोरतात सुद्धा. बघणाऱ्याला वाटावं साहेब आणि त्यांची ड्रायव्हर. आणि तुझ्या शेजारी? पाठ ताठ, एक हात दारावरच्या कडीला, डोळे रस्त्यावर, तोंड अखंड चालू. हा ट्रक बघ, तो सायकलवाला बघ, आता लाल होईल बघ. त्यांचा पाय खाली मॅटवर हलत होता, जणू तेच चालवताहेत. मी मागे बसून सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, बघा, धाकटी आली की कशी तरतरी येते. मी इतकी कंटाळवाणी आहे का, की माझ्या मागे बसलं की माणसाला झोपच यावी? तुला लहानपणापासून सात खून माफ. तू पेला फोडलास की पेलाच निसरडा असायचा. त्या दिवशी घरी आल्यावर मी कुणाशी बोलले नाही आणि तू विचारलंस, ताई, डोकं दुखतंय का? हो म्हटलं.

पुढचं. मागच्या सीटच्या कडेला खाली एक जाळी आहे, ती बॅटरीची श्वास घ्यायची जागा. तिच्यावर पिशवी, शाल, उशी काही येता कामा नये, नाहीतर बॅटरी तापते. जाळीच्या आत गाळणी आहे, ती दर सर्व्हिसिंगला साफ करून घ्यायची. हे मुद्दाम लिहिते, कारण तुझं ते केसाळ कुत्रं. त्याचे केस माझ्या सोफ्यातून अजून निघताहेत. त्याला मागच्या सीटवर बसवणार असशील तर गाळणी महिन्याच्या महिन्याला बघ. खरं तर बसवूच नकोस, ती जागा बाबांची आहे. नारिंगी वेष्टनाची केबल दिसली तर हात लावायचा नाही आणि नाक्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला लावू द्यायचा नाही, तिच्यात जीव घेण्याइतकी वीज असते. मोठ्या बॅटरीखेरीज एक साधी लहान बॅटरीही आहे. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की ती बसते, आणि ती बसली की एवढं धूड दारसुद्धा उघडत नाही. तू कामासाठी सारखी फिरतीवर, म्हणजे ही उभीच राहणार. कुणाला तरी सांगून ठेव. किल्ली गाडीजवळच्या खुंटीला अडकवू नकोस. जवळ असली की गाडीला वाटतं मालक आला, आणि ती झोपेतही कान टवकारून असते. मागच्या कॅमेऱ्याची काच मी दुकानातल्या चष्म्याच्या फडक्याने पुसते. एक फडकं डिकीत ठेवलंय. बघ, एवढं सगळं देते आहे तुला, आणि मनात एकसारखं येतंय की यातलं काहीतरी लपवून ठेवावं, म्हणजे एखाद्या दिवशी तुला माझ्याशिवाय अडेल.

मला गाडीचं दुःख नाही, असं म्हटलं तर तू हसशील. पण गाडीचं दुःख थोडंच आहे. दुकान बंद करून आल्यावर बाबा विचारतात, आज कुठे जायचं? कुठे जायचं नसतं. मग मी त्यांना मागे बसवते आणि पुलापर्यंत जाऊन येते. जाताना ते झोपतात, येताना जागे होऊन विचारतात, आलो का? तेवढंच काय ते आमचं बोलणं. आरशात त्यांचं डोकं डुलताना दिसतं. तू असतीस तर त्यांनी तुला जन्माच्या गोष्टी सांगितल्या असत्या, हे मला रोज खुपायचं. परवापर्यंत.

आता परवाचं, ज्यासाठी एवढा कागद खर्च केला. दुपारी जेवायला घरी आले तर गॅरेजचं शटर खाली आणि आतून इंजिनाची घरघर. किल्ली तर मी सकाळी कपाटात ठेवली होती. शटर कसं वर केलं ते मला आठवत नाही. आत धूर कोंडलेला, आणि बाबा पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी. पायात पॉलिश केलेले बूट, मांडीवर बॅग, तुझी वाट बघत. त्यांना रविवार वाटला होता. कपाटातून किल्ली घेऊन, घरातल्या दाराने गॅरेजमध्ये जाऊन गाडी त्यांनीच जागी केली होती, एसी लावला होता, आवाज नाही म्हणजे बंद आहे असं समजून निवांत बसले होते, आणि मग तिने आपलं आपण इंजिन सुरू केलं. मी आधी तिला झोपवलं, मग त्यांना ओढून बाहेर काढलं. घाबरू नकोस, डॉक्टरांनी तपासलंय, ते ठीक आहेत. अजून थोडा वेळ गेला असता तर मी हे पत्र लिहीत नसते. बाहेर खुर्चीवर बसवून पाणी दिलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, छोटी, आलीस? मला ताई म्हणून त्यांनी ओळखलंच नाही. त्या क्षणी, एवढ्या सगळ्यात, मला पुन्हा तुझा हेवा वाटला, बघ कशी आहे मी. आणि मग माझा हात धरून, कुणी ऐकू नये अशा आवाजात ते तुला म्हणाले, "छोटे, रागावू नकोस, पण ताईला चालवू दे. तू चालवलीस की मला जागं राहावं लागतं गं. तिच्या मागे बसलं की झोप लागते."

तर छोटे, गाडी खुशाल घेऊन जा. आपली आपण जागी होणारी वस्तू आता या घरात नको, मी दुकानात नेते ती माझी साधी जुनी गाडी पुलापर्यंत जायला पुरेल. पण बाबा येणार नाहीत. ते हल्ली सगळ्यालाच मान डोलावतात, तुला फोनवर ते कळत नाही. त्यांना विचारू नकोस, माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, मी तयार आहे. फक्त निघण्याआधी पुलापर्यंत एक फेरी मारू. मी चालवेन, तू माझ्या शेजारी पुढे बस, बाबा मागे. कोपऱ्यावरचं वळण आलं की वळून बघ, आणि बघितल्यावर मला काही सांगू नकोस. मला आरशात दिसतं.

तुझीच,
ताई